दहा पुड्यांचं वजन

धुरपताबाईला माणसं आवडायची नाहीत, आणि हे ती लपवायचीही नाही. सकाळी फाउंड्रीच्या फाटकातून आत शिरताना ती वॉचमनकडं, मुकादमाकडं, टपरीवर पाय पसरून चहा पिणाऱ्या साचेवाल्या मोल्डरांकडं अशी बघायची, जशी सगळी वांगी किडकी निघाल्यावर बाई टोपलीकडं बघते. तिच्या लेखी जगात मूर्ख फार, आणि त्यातले निम्मे गुलबर्ग्याच्या शहाबाद रस्त्यावरच्या ह्या एका फाउंड्रीत नोकरीला लागलेले. "अक्कल वाटायलते तवा हे समदे जेवायला गेलते," असं ती खुशाल तोंडावर म्हणायची. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नव्हतं.

तिचा नवरा नरसिंग ह्याच फाउंड्रीत वाळू चाळायचा. साच्यांसाठी लागणारी बारीक, कोरडी वाळू, आणि दिवसभर तिचा धुरळा. दहा वर्षं त्यानं तो गिळला आणि एकाहत्तर साली खोकून खोकून गेला. मालक शरणप्पा शेठनं मोठ्या मनानं त्याची जागा बायकोला दिली. मोठं मन म्हणजे काय, तर तीच चाळणी, तोच ढीग. तीन वर्षांत धुरपताबाईच्या छातीतही शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाला, "बाई, वाळूपासून लांब राहा, नाहीतर नवऱ्याच्या मागं जाशील." जसं काही ती हौसेनंच वाळूत खेळायला जात होती!

तिला वाचवलं ते रेवणसिद्धप्पा मेस्त्रीनं. भट्टीचा हा म्हातारा कारभारी मोजकं बोलायचा, आणि धुरपताबाईनं ज्यांना माणसांत धरलं होतं अशा दोन-तीन जणांत त्याचा नंबर पहिला. "ही बाई एकदा झाडती ते नीट झाडती, शेठ," एवढंच तो म्हणाला, आणि चौऱ्याहत्तर साली ती चाचणीच्या खोलीत आली. खोली कसली, एक विजेची लहान भट्टी, काचेच्या कपाटातला नाजूक तराजू आणि एक टेबल. पण खिडकी बंद, फरशी गुळगुळीत, हवेत धुळीचा कण नाही. इथं तिला पुरता श्वास घेता यायचा. ही खोली गेली की परत वाळू, आणि वाळू म्हणजे नरसिंगची वाट, हे रोज कुलूप उघडताना तिला आठवायचंच.

फाउंड्री सिमेंट कारखान्यांसाठी जाळ्या ओतायची. भट्टीतून निघालेले सिमेंटचे लालभडक खडे ज्या जाळ्यांवर पडून गार होतात, त्या जाळ्या. लाल व्हायचं, निवायचं, परत लाल व्हायचं, असला जन्म. साधं लोखंड तिथं पापुद्रे टाकत टाकत संपून जातं. म्हणून पोलादात क्रोमियम आणि निकेल घालतात. मग तापल्यावर त्याच्या अंगावर एक पातळ साय धरते आणि आतल्या धातूला हवा लागू देत नाही. पण ही सायही निवताना तडकून गळाली, तर उघडं पडलेलं अंग परत जळतं, परत साय धरते, परत गळते.

ह्यावर मेस्त्रीकडं इलाज होता. केरळकडून एक करडा, मऊसर धातू यायचा, हवा लागू नये म्हणून तेलात बुडवून ठेवलेला. कागदोपत्री तो दुर्मिळ मृदा धातूंचं मिश्रण होता; फाउंड्रीत त्याला नुसतं 'खडा' म्हणायचे, कारण सिगारेटच्या लायटरमधला ठिणगी पाडणारा खडा त्याच जातीचा. दोनशे किलो वितळलेल्या रसाला दोनशे ग्रॅमसुद्धा लागायचा नाही. आणि तोही अगदी शेवटी, ओतायच्या घडीला, सळईच्या टोकाला बांधून रसाच्या तळाशी दाबायचा. आधी टाकला तर वरच्या वर जळून मळीत जायचा. एवढ्याशा खड्यानं साय अंगाला घट्ट धरायची, कितीही तापवा, निववा. "कामून धरती ते मला ठावं न्हाई," मेस्त्री म्हणायचा, "धरती एवढं खरं." आपल्याला काय ठाऊक नाही ते सांगणारा माणूस त्या फाउंड्रीत हा एकटाच होता.

अठ्ठ्याहत्तर साली व्यंकटराव आले. बंगळुरात शिकलेले इंजिनीअर, पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. भट्टीजवळ गेले की नाकाला रुमाल लावायचे आणि लांबूनच भट्टीला इंग्रजीत सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण ह्या गृहस्थांना शेळ्याही दिसत नव्हत्या. पहिल्याच महिन्यात त्यांची नजर खड्याच्या डब्यावर गेली. "दोनशे किलोत दोनशे ग्रॅम? हे काय रसाला कुंकू लावता काय?" ते हसून म्हणाले. मग साहेबांनी शेठला सांगितलं, हा सगळा अडाणीपणा आहे आणि मी तो शास्त्रानं सिद्ध करून दाखवतो.

सिद्ध करायची रीत अशी. खडा घातलेल्या पोलादाचे पाच तुकडे, बिनखड्याचे पाच, प्रत्येक पन्नास ग्रॅमचा. तीस दिवस रोज भट्टीत लाल करायचे, बाहेर काढून निववायचे, आणि तोलायचे. धातू जळतो म्हणजे हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो, म्हणून वजन वाढतं. ज्याचं वजन जास्त वाढलं तो तुकडा वाईट. इथवर सगळं पुस्तकातलं होतं आणि बरोबरही होतं.

पहिल्या दिवशी तुकडे निवायला ठेवले तसा बिनखड्याच्या ओळीतून तट्, तट् असा आवाज यायला लागला. काळपट-हिरवे पापुद्रे उडून ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये पडत होते. खड्याचे तुकडे गप्प.

"प्रत्येक तुकडा ब्रशनं साफ कर आणि मग तराजूवर ठेव," साहेबांनी धुरपताबाईला फर्मावलं.

"आन पडलेलं कशात धरू, सायेब?"

"पडलेलं म्हणजे?"

"हे पापुद्रे. त्याच्याच अंगाचे हायत की."

"कचरा कचऱ्यात टाकतात," साहेब म्हणाले. "तुला झाडायला ठेवलंय, शिकवायला नाही."

धुरपताबाईनं "व्हय" म्हटलं. पण तिनं काय केलं ते कळायचं तर एकदा बिदरला जाऊन यावं लागेल.

तिचे आईबाप मूळचे कोहिनूर गावचे. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर घरातले देव गेले, गावकीची कामं सुटली, आणि बाप बायको-पोरीला घेऊन बिदरला आला. आई, केवळाबाई, एका बिदरी कारखान्यात झाडायला लागली. काळ्या धातूच्या सुरया आणि डबे, त्यांवर खोदलेली नक्षी, नक्षीत ठोकलेली चांदीची तार. सकाळी प्रत्येक कारागिराला चांदी तोलून द्यायचे, आणि संध्याकाळी हिशेब लागायचा तो भांड्यात बसलेली चांदी, उरलेली तार आणि बैठकीखाली पडलेला कीस मिळून. म्हणून झाडणारीनं एकाचा कीस दुसऱ्याच्यात मिसळायचा नाही. ज्याचा त्याचा वेगळा, कागदाच्या पुडीत. केवळाबाई पुड्या अशा बांधायची की सोनारानं हात जोडावेत.

सत्तावन्न साली एकाची चांदी अर्धा तोळा कमी भरली. मालक म्हणाला, झाडणारीनं खाल्ली. केवळाबाई म्हणाली, "पुड्या तोला. समदं भरंल." मालकानं पायानंच पुड्या उधळल्या. "कचरा काय तोलायचा?" म्हणाला, आणि तिला गल्लीभर लोकांदेखत हाकलून दिलं. तेरा वर्षांची धुरपता दारात उभी होती. अंगावर नवं परकर-पोलकं होतं, त्याच आठवड्यात मायनं आणलेलं. घरात पीठ नसताना ते आलं कुठून, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मालकावर विश्वास ठेवला.

ते परकर-पोलकं तिनं परत अंगाला लावलं नाही. तोंडानं ती माय म्हणत राहिली, नजरेनं चोर म्हणत राहिली. साऱ्या जगाचा तिरस्कार करायला ती शिकली ती घरातूनच, आईपासून सुरुवात करून. एकच गोष्ट तिनं मनाशी बांधली होती, की आपल्यावर तशी वेळ आली तर आपल्या पुड्या तोलण्याजोग्या असतील.

तर साहेब म्हणाले कचऱ्यात टाक, आणि तिनं दहा पुड्या केल्या. प्रत्येक तुकड्याची एक. रोज पापुद्रे नखाएवढेही न सांडता त्यात भरायची, वर पेन्सिलीनं नंबर. सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात, टेबलाच्या खालच्या फळीवर. खड्याच्या पुड्या महिनाभरात जवळजवळ रिकाम्याच राहिल्या. बिनखड्याच्या फुगत गेल्या.

आणि साहेब रोज तोलत होते. खड्याचे तुकडे महिन्याअखेरीला नव्वद मिलिग्रॅमनं वाढले. बिनखड्याचे वाढायचं सोडा, चाळीस मिलिग्रॅमनं कमी झाले. हवेत जळून धातू हलका कसा झाला, हा प्रश्न एखाद्या शेंबड्या पोरालाही पडला असता. व्यंकटरावांना तो पडला नाही. त्यांनी आलेख काढला आणि खाली लिहिलं, बिनखड्याचं पोलाद उत्तम, त्याला हवा लागतच नाही. शेठला वाचून दाखवलं. खडा मागवायचा बंद झाला. "आता रसाला शास्त्र कळतं, मेस्त्री," असं साहेब चारचौघांत म्हणाले. रेवणसिद्धप्पा मेस्त्रीनं हातमोजे काढले, सळईवर ठेवले आणि तो राजेश्वर गावाला आपल्या शेतावर निघून गेला.

धुरपताबाई बोलली नाही. बोलायला तिला कुणी बंदी केली नव्हती. शेठ रोज तिच्या दारावरून जायचा. पण गाढवापुढं वाचली गीता, असं म्हणून ती डब्याचं झाकण लावून बसली. बुडू दे, मग तोंड बघू, हा तिचा विचार. मेस्त्री फाटकातून जाताना तिच्या खोलीकडं एकदा बघून गेला, तेव्हासुद्धा ती ब्रश धूत होती.

तीन महिन्यांत जाळ्या परत आल्या. ट्रकभर. कडा झिजून पत्र्यासारख्या झालेल्या, हात लावला की पापुद्रे सुटत होते. सोबत सिमेंट कारखान्याचा तपासनीसही आला. शेठच्या ऑफिसात बैठक भरली आणि अर्ध्या तासात व्यंकटरावांना अपराधी सापडला. असल्या माणसांना तो नेहमी झाडूच्या टोकालाच सापडतो.

धुरपताबाईला आत बोलावलं.

"हिनं तुकडे बदलले," साहेब तिच्याकडं न बघता म्हणाले. "माझी पद्धत चूक असू शकत नाही. खड्याचे इकडं, बिनखड्याचे तिकडं केले असणार. अडाणी बाई, किंवा मेस्त्रीनं शिकवलं असेल. शेठ, तिला उद्यापासून वाळूवर पाठवा. त्या खोलीत मॅट्रिक झालेला माणूस पाहिजे."

वाळूचं नाव निघालं तशी तिच्या छातीत शिट्टी वाजली. तिला एकदम बिदरची गल्ली दिसली, पायानं उधळलेल्या पुड्या दिसल्या.

"अप्पा," ती शेठला म्हणाली, "तुम्ही डाळीचे येपारी. क्विंटलभर तूर गिरणीत घातली आन नुस्ती डाळच तोलली, तर तूर कमी झाली म्हनाल का?"

शरणप्पा शेठचा फाउंड्रीआधी तीस वर्षं तूरडाळीचा धंदा होता. "का म्हणू?" तो म्हणाला. "चुनी आहे, फोल आहे. ते धरायला नको?"

"तेच सायबांनी धरलं न्हाई. चला, तराजूपाशी चला."

गेले सगळे. तिनं फळीवरनं डबा काढला. कपाटातले दहा तुकडे काढले. त्यांवर ओतण्याच्या वेळी ठोकलेले नंबर तसेच होते, ते आधी तपासनीसाला दाखवले. मग एकेका तुकड्याबरोबर त्याची पुडी सोडून पापुद्रे पारड्यात ओतले. तोलू मात्र तिनं साहेबांनाच दिलं.

"मी अडाणी हाय," ती म्हणाली. "तुम्हीच बघा काटा."

खड्याचे तुकडे होते तिथंच राहिले, नव्वद मिलिग्रॅम वाढ. बिनखड्याचा पहिला तुकडा चाळीसनं कमी होता. त्याच्या पुडीत चारशे वीस निघाले. म्हणजे खरी वाढ तीनशे ऐंशी, खड्याच्या चौपटीहून जास्त. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाचव्याला साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि तीन पेनांतलं एकही चालेना. तपासनीस आधी गालात हसत होता, मग उघड हसला. तुकडा जळत होता, साय गळत होती, आणि गळालेली साय झाडून टाकून साहेब म्हणत होते, बघा, जळतच नाही!

"कचरा ठेवलास कशाला गं?" शेठनं विचारलं.

"तोलायला," ती म्हणाली.

शेठ मोठा हिशेबी माणूस. त्यानं दोन गोष्टी तिथंच ठरवल्या. खडा परत सुरू, आणि मेस्त्रीला आणायला उद्या जीप राजेश्वरला. "ही बाई इथंच राहील," हे तिसरं त्यानं जाता जाता सांगितलं, दिवा बंद करा म्हणावं तसं. व्यंकटरावांची नोकरी गेली नाही. असल्यांच्या जात नसतात. उलट तपासनीसाला नवा अहवाल हवा होता, तो त्यांनाच लिहायचा होता, आणि त्यासाठी त्या दहा पुड्या लागणार होत्या. त्यांनी हात पुढं केला.

"डबा दे."

"पावती द्या."

"कसली पावती? कचऱ्याची?"

"व्हय. दहा पुड्या, प्रत्येकीचं वजन, आन कमी काई न्हाई असं. मला वाचता यील असं लिवा, इंग्रजी नगं. खाली सही."

साहेबांनी शेठकडं बघितलं. "लिहून दे की रे," शेठ म्हणाला, "तुझं नशीब, तिनं फेकलं नाही." बंगळुरात शिकलेल्या माणसानं शाळकरी मराठीत दहा वजनं मांडली आणि खाली लिहिलं, *धुरपताबाई यांच्याकडून दहा पुड्या मिळाल्या. तोलून घेतल्या. वजन पूर्ण भरले.* ती चौथी शिकलेली होती. तिनं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं, साहेबांना उभं ठेवून, अगदी सावकाश. असला आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता आणि तो तिनं चेहऱ्यावर दिसू दिला.

तो फार टिकला नाही. तिसऱ्या दिवशी मेस्त्री परत आला, हातमोजे घातले, आणि तिच्या दाराशी थांबला. "तीन महिनं डबा भरून गप बसलीस," तो म्हणाला. "मला एक शब्द बोलली न्हाईस, धुरपता. म्या काय केलतं तुझं?" उत्तरासाठी तो थांबला नाही.

रविवारी ती एस.टी.नं बिदरला गेली. केवळाबाई आता एकटीच होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दारात बसून सुपातली ज्वारी चाचपत खडे काढत होती. धुरपताबाईनं पावती काढून मोठ्यानं वाचून दाखवली. म्हातारीनं हात पुसले, कागद घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"समदं भरलं?"

"समदं."

"म्हंजी तोललं त्यांनी," म्हातारी म्हणाली. "माझंबी भरलं असतं गं. कोणी तोललंच न्हाई."

सूप बाजूला पडलं होतं. बावीस वर्षं विचारलं नव्हतं ते धुरपताबाईनं आता विचारलं.

"माय, ते परकर-पोलकं कुठनं आणलं होतंस?"

"जोडवी मोडली की," म्हातारी म्हणाली. "चार महिनं उघड्या बोटांनी हिंडत होते. तू कवा बघितलंस?"

धुरपताबाईनं मान खाली घातली. साऱ्या जगाकडं तुच्छतेनं बघण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि आईच्या पायांकडं तेवढं बघायचं राहून गेलं होतं.